खोटी काठी

किनाऱ्यावरच्या पाखरांची राखण करणारी ती बाई खाडीच्या टोकाला होती, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. सुट्टीच्या बंगल्यांपुढची वाळू ट्रॅक्टरनं विंचरून साफ ठेवायची, हे त्याचं काम.

"अगं, मालकांनी आजच साफसफाई काढलीय. पण तू घोर करू नकोस. तुझ्या काठीला धक्कासुद्धा लागणार नाही!"

तिच्या पायाखालची वाळू सरकली. पुन्हा फोन लावला, पण इंजिनाच्या आवाजात त्याला कुठला ऐकू येतोय!

काठी खोटी होती. चिखल्या म्हणजे मूठभर पाखरू, उघड्या वाळूत अंडी घालून मोकळं होणारं. पूर्वी ती अंड्यांशेजारी खुणेची काठी रोवायची. पण कावळे लबाड. काठी दिसली की खाली मेजवानी, हे त्यांना पाठ झालं. म्हणून यंदा तिनं काठी भलतीकडेच रोवली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. नवऱ्याला तर नाहीच. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ! गेल्या वर्षी त्यानं कौतुकानं मालकांना सांगितलं, मालकांनी पाहुण्यांची जत्रा भरवली आणि पाखरू अंडी टाकून गेलं. यंदा कुत्र्यांच्या आणि भरतीच्या तावडीतून हे एकच घरटं वाचलं होतं.

ती धावत सुटली. झुडपांचे काटे पोटऱ्या ओरबाडत होते. टेकाड चढून पाहते, तर ट्रॅक्टर काठीपासून चांगला लांब, नेमका नको तिथे उभा! आणि नवरा हातात टोपी घेऊन एका पाखरामागे वाकून पळतोय.

"लवकर ये गं! बिचारीचा पंख मोडलाय!"

"नाटक करतेय ती! अंड्यांपासून तुम्हाला लांब नेतेय. जागचे हलू नका!"

ती चाकापुढे पालथी पडली. वितीभर अंतरावर तीन अंडी होती. शाबूत. तिला रडूच फुटलं.

नवऱ्यानं अंडी पाहिली, मग लांबची काठी पाहिली. हळूच इंजिन बंद केलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणून."

तो काही बोलणार, तेवढ्यात मालक तणतणत येताना दिसले. आता हा बोलणार, संध्याकाळी इथे पाहुण्यांची रांग लागणार.

"अरे, थांबलास का? उद्या पाहुणे यायचेत!"

नवरा पुढे झाला आणि मालकांना वाटेतच गाठलं. "बंद पडलाय, मालक. आठ-पंधरा दिवस तरी हलायचा नाही."

"आणि ही का रडतेय?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मालक वाट्टेल ते बोलले, कामचुकार म्हणाले, पगार कापायची धमकी दिली. त्यानं चकार शब्द काढला नाही. आणि वाळूत बसलेल्या तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.