पानाखालची तारीख

माझ्या भावाची मुलगी ह्यांना खात्रीकाका म्हणते. लहान असताना ती शाळेला निघाली की हे विचारायचे, "दप्तर भरलंस? खात्री केलीस?" घराबाहेर पडल्यावर गॅस बंद आहे का ते बघायला मला जिन्यावरून परत पाठवणारे हे गृहस्थ. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं. पण चारचौघांत मी त्याच गोष्टीवरून मिरवायचेही.

ह्यांचं कामच तसलं. संगणकाच्या पोटात एक मूळ यंत्रणा चालते आणि बाकीचे प्रोग्राम तिच्याकडे सारखं काही ना काही मागत असतात. ही फाइल उघड, हे डिस्कवर लिही, पक्कं लिहिलंस का ते सांग. अशा प्रत्येक मागणीचं इंटरनेटवर माहितीचं एकेक पान असतं. मागितलं तर काय मिळेल, बिनसलं तर काय करायचं, ते सगळं त्या पानावर. यंत्रणा मात्र दर आवृत्तीला बदलते, आणि पान मागे राहिलं की त्यावर विसंबणारा तोंडघशी पडतो. ती पानं खरी ठेवणं हे ह्यांचं काम. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख असते. ह्यांच्याकडे तिचा अर्थ एकच, की त्या दिवशी छोटे प्रोग्राम चालवून पानावरचं वाक्य न् वाक्य पडताळलं. कुठकुठले लोक आधी ती तारीख बघतात आणि मग निर्धास्तपणे पान वाचतात.

या वर्षी नवी आवृत्ती आली तेव्हा आम्ही समुद्रावर जायला निघालो होतो. बॅगा दाराशी आणि हे पडद्यासमोर. बरीच पानं पडताळायची राहिली होती. मीच म्हटलं, "अहो, पाठ आहेत तुम्हाला ती पानं. टाका तारीख आणि चला. आल्यावर बघा काय ते."

एरवी माझं एक ऐकत नाहीत, नेमकं तेवढं ऐकलं. एका आज्ञेसरशी सगळ्या पानांवर नवी तारीख पडली. परत आलो, धुणी निघाली, बघायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. रक्ततपासणीचे निकाल साठवणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला, यंदाच. मध्ये एका दुपारी डिस्क अडखळली. प्रोग्रामने यंत्रणेला विचारलं, पक्कं लिहिलंस का? यंत्रणा म्हणाली, नाही. पानावर होतं की पुन्हा विचारा, म्हणून प्रोग्रामने पुन्हा विचारलं. यंत्रणा हो म्हणाली. प्रत्यक्षात डिस्कवर काहीच नव्हतं. त्या दुपारचे सगळे निकाल गेले आणि माणसांना पुन्हा बोलावून सुया टोचाव्या लागल्या. तान्ह्या बाळांनासुद्धा. फोनच्या दुसऱ्या दिवशी तिला वरिष्ठांसमोर जाब द्यायचा होता. नोकरी राहणार की जाणार, ते तिथेच ठरणार होतं.

"खात्रीकाका, यंत्रणा हो म्हणते आणि लिहिलेलं नसतं, असं होऊ शकतं का?" तिने विचारलं. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी भाजी निवडत होते.

"पान वाचलंस?"

"वाचलं ना. पुन्हा विचारा असंच आहे त्यात."

"मग तसंच असणार. खालची तारीख बघ, यंदाची आहे. तुझंच कुठेतरी चुकलंय. नीट खात्री कर."

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर सवयीने ह्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून चालवला. पुन्हा चालवला. मग ह्यांचे कान लाल झाले. नव्या आवृत्तीत लिहिणं फसलं की यंत्रणा ती माहिती टाकूनच देते, आणि पुढच्या खेपेला लिहायचं काही उरलेलं नसतं म्हणून खुशाल हो म्हणते. पान अजून जुनंच बोलत होतं. आणि त्याखाली ह्यांची तारीख.

"तिला फोन करा," मी म्हटलं.

"आधी पान नीट करतो."

केलं. 'पुन्हा विचारू नका, माहिती गेलेली असते, ती नव्याने लिहा.' तारीख मात्र तशीच राहू दिली. कुठलाही बदल केला की सोबत एका ओळीची टीप लिहावी लागते. ह्यांनी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. मी मागेच उभी होते. वाचलं, आणि विचारलं काय, तर "चहा ठेवू?"

"फोन उद्या करू," हे म्हणाले. "तिचं ते जाब देणं होऊ दे, मग निवांत बोलू." मी मान डोलावली. त्या मानेची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. "आत्या, मी सांगितलं की पानावर तसं लिहिलंय. साहेबांनी सगळ्यांसमोर भिंतीवरच्या पडद्यावर पान उघडलं. तिथे स्पष्ट होतं, पुन्हा विचारू नका. खाली तारीख, माझा प्रोग्राम लिहायच्या आधीची. ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. मग मी काय बोलणार? म्हटलं, मीच नीट वाचलं नसेल. काकाही तसंच म्हणाले होते." तिच्या आवाजात राग नव्हता. "मला वेड लागलंय का गं? ते पान मी इतक्यांदा वाचलं होतं."

मी फोन स्पीकरवर टाकून ह्यांच्यापुढे धरला. "सांगा तिला." ह्यांनी तो माझ्याकडेच सरकवला. मग मीच सांगितलं. बॅगा, समुद्र, तारखा, कालची दुरुस्ती. ती टीप तेवढी गाळली.

पलीकडे कीबोर्डचे आवाज आले. पानाचा प्रत्येक बदल कुणालाही बघता येतो, ते तिला ठाऊक होतं.

"सापडलं," ती म्हणाली. "काल संध्याकाळचं. काकांचंच नाव आहे." मग सोबतची टीप वाचली. मग म्हणाली, "किरकोळ, काका?"

ह्यांनी त्याच दुपारी तिच्या साहेबांना सगळं लिहून कळवलं, आणि पानं वापरणाऱ्या सगळ्यांनाही. तिची नोकरी राहिली. न पडताळलेल्या पानांच्या तारखा ह्यांनी काढून टाकल्या. एवढ्या वर्षांच्या नावाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. लोक काय लिहितायत ते हे वाचतात आणि न जेवता उठतात.

ते पान ह्यांनी पुन्हा अथपासून इतिपर्यंत पडताळलं आणि तिला फोन केला. "तूही एकदा चालवून बघशील? तू बरोबर आहे म्हणालीस की मग तारीख टाकतो."

"बघते, काका," ती म्हणाली. नुसतंच काका. "वेळ मिळाला की."

अजून तिचा फोन नाही. पानाखालची जागा कोरी आहे. हे रोज ते पान उघडून बसतात आणि मध्येच माझ्याकडे बघतात. मी काही सुचवत नाही.