चकणा घेऊन बैठकीला

माझा धाकटा भाऊ हाडाचा सुतार. दार असं बसवायचा, की वाऱ्यालाही विचारून आत यावं लागेल. पण दारू मागे लागली आणि हात थरथरायला लागले. खिळा एकीकडे, हातोडी भलतीकडे. शेवटी त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "ताई, दारू सुटली तर येईन. शपथा नकोत आता." काय चुकलं तिचं? पोरीनं फार सोसलं होतं.

मग मी कंबर कसली. माझं शिवणकामाचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या एका बाईकडून कळलं, की दारू सोडलेली माणसं एकमेकांना धीर द्यायला आपल्याच भागात कुठेतरी जमतात. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. मी औषधाच्या दुकानात गेले आणि विचारलं, "काय हो, ते दारूवाले कुठे बसतात?"

"कोपऱ्यावरच्या बारमध्ये," दुकानदार म्हणाला. "पण ताई, तुम्ही?" मेल्याचे डोळे कपाळात गेले.

"अहो, सोडलेले!"

"सोडलेले कशाला बसतील?"

घ्या! 'बसणं' हा चांगला घरगुती शब्द बाटलीनं पळवून नेला, त्याला मी काय करू? इस्त्रीवाल्याला विचारलं, तर त्यानं दुसऱ्या बारचा पत्ता दिला, वर तिथे स्वस्त पडतं म्हणून सांगितलं. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंना नीट उलगडून विचारलं. त्या म्हणाल्या, "वाचनालयाच्या वरची खोली. दर शनिवारी संध्याकाळी बैठक असते."

आता याला न्यायचं कसं? उपदेशाचा पहिला शब्द काढला की हा चपला पायात सरकवायचा. म्हणून शनिवारी मी एवढंच म्हटलं, "चल, आज बसायचं आहे."

"कोण कोण आहे?" गड्याचा चेहरा उजळला.

"बरीच मंडळी आहेत. मी दारापर्यंत सोडते तुला."

यातलं एक अक्षर खोटं असेल तर सांगा! त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वाटेत खारे शेंगदाणे घेऊन खिसा फुगवला. बैठकीला रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढी रीत त्याला होती.

वर खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. एक जाडजूड काका किटलीतून चहा ओतत होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. "या, बसा," ते म्हणाले. भावानं टेबलावर बाटली शोधली, टेबलाखाली शोधली, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ताई, फसवलंस मला!"

"फसवलं? बसायचं म्हणाले ना? मग बस की!"

तो तणतणत वळला. हा आज जिना उतरला, तर परत चढणार नव्हता, आणि त्या दोघीही परत येणार नव्हत्या.

ड्रायव्हरकाकांची नजर त्याच्या खिशावर गेली. "चकणा आणलाय वाटतं?"

भाऊ ओशाळला.

"अरे, जायचं तर जा बाबा. पण तो तरी ठेवून जा! आमचा चहा कोरडाच चाललाय."

अख्खी खोली हसली. हाही हसला, नको नको म्हणत. पुडी टेबलावर ठेवली आणि क्षणभर टेकला, तर खुर्ची डुगडुगली. झालं! सुतारच तो. उठून खुर्ची उलटी केली. "कुणी ठोकलीय ही? सांधाच बसलेला नाही."

"इथे कुणाचाच बसला नव्हता," काका म्हणाले. "पुढच्या शनिवारी हत्यारं घेऊन ये."

उतरताना मला म्हणाला, "खुर्ची तेवढी करून देतो, मग संबंध संपला." पण त्या खोलीतली एक खुर्ची धड असेल तर शपथ! मध्ये एकदा घसरलाही. पांघरूण घेऊन पडून राहिला, तोंड दाखवेना. तेव्हा ड्रायव्हरकाका स्वतः घरी आले. रागावले नाहीत, काही नाही. "चल रे, टेबल डुगडुगायला लागलंय," एवढंच म्हणाले. हा गेला. पुढे टेबल झालं, खिडक्या झाल्या, दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तरी हा जातच राहिला.

मी फोनवर भावजयीला सगळं सांगायचे. ती म्हणायची, "ताई, विश्वास बसत नाही हो."

आणि एका शनिवारी ती मुलीला घेऊन दुकानात उभी! पण चेहरा उतरलेला. "घराला कुलूप आहे. शेजारी म्हणाले, हे बसायला गेलेत." तिनं बॅग पुन्हा उचलली.

"अगं, थांब!" कापड मशीनवर तसंच सोडून मी तिचं मनगट धरलं आणि थेट वाचनालयाचा जिना चढले.

दारात एक नवा माणूस घामाघूम उभा होता, आत जावं की पळावं अशा बेतात. आतून माझ्या भावाचा आवाज आला, "या, बसा. खुर्चीची काळजी नको, मी ठोकलीय. आणि हा घ्या चहा, चकणाही आहे." त्यानं काठोकाठ भरलेला चहाचा कप त्याच्यापुढे धरला. हात जराही हलला नाही. भावजय त्या हाताकडेच बघत राहिली.

"बाबा!" करून पोरगी आत धावली. त्यानं नुसती एक खुर्ची पुढे सरकवली.

भावजयीनं खुर्ची हातानं दाबून बघितली. मग डोळे पुसले आणि ऐसपैस टेकली.

"ताई," ती म्हणाली, "बसला हो विश्वास."

"मग सरक जरा," मी म्हटलं. "आज मलाही बसायचं आहे!"