मला बरं करायला कोणी सांगितलं होतं?

मी एक गव्हाची ओळ बोलतेय. खाण्यासाठी नव्हे, आजारी पडण्यासाठी पेरलेली. हसू नका. संशोधन केंद्राच्या शेतात नव्या वाणांच्या वाफ्यांभोवती दर रब्बी हंगामात मला पेरतात, कारण तांबेऱ्याला माझ्याइतकं नाजूक पान दुसरीकडे मिळत नाही. रोग आधी माझ्यावर चढतो. माझ्या पानांवरची तांबूस भुकटी वारा आतल्या वाफ्यांवर उडवतो. त्यातूनही जो हिरवा राहील, तो खरा. आजारी पडणं हेच माझं व्रत, आणि ते मी मनोभावे पाळत आले.

यंदा आतल्या वाफ्यांत एक्केचाळीस नंबरचा वाण होता. बाईंचा. बाई इथे गव्हाचे नवे वाण तयार करतात. एका ओंबीतले कोवळे पुंकेसर चिमट्याने एकेक काढायचे, दुसरीचा पराग शिंपडायचा, वर कागदी पिशवी चढवायची. आठ वर्षं त्या अशा वाकून राबल्या. घरी लेक म्हणे विचारायची, "आई, तुझी लाडकी मी की एक्केचाळीस?" यंदाच्या परीक्षेत तो टिकला, की त्याचं बी शेतकऱ्यांच्या हाती जाणार होतं.

मी कामाला लागलेच होते. पहिले फोड उठले तेव्हा बाईंनी माझं पान बोटाने चोळलं. बोट तांबडं झालेलं पाहून म्हणाल्या, "शाब्बास गं!" आजारपणाबद्दल शाबासकी मिळालेली जगात मी एकटीच असेन.

दोनच दिवसांनी बाई बैठकीला बाहेरगावी गेल्या आणि शेतावर फवारणी करणारे काका पाठीवर पंप घेऊन आले. मला त्यांनी औषधाने न्हाऊ घातलं, वाफेही सोडले नाहीत. मोठे पाहुणे येणार होते आणि कडेची मरतुकडी ओळ केंद्राच्या साहेबांच्या डोळ्यांत खुपत होती.

मी बरी झाले. तरारले. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. न विचारता माझं व्रत मोडायचं आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा!

पाहुणे आले, फोटो काढून गेले. नोंदीच्या दिवशी सगळं शेत हिरवंगार. साहेब खुशीत होते. एक्केचाळीसवर तांबेरा शून्य लिहा आणि मोकळ्या व्हा, म्हणाले. काकांनी मान खाली घालून फवारणीचं सांगितलं, तेव्हा बाईंनी माझं पान पुन्हा बोटाने चोळलं. बोट स्वच्छच.

"साहेब, ही ओळ हिरवी आहे ना, मग इथे कोणीच पास नाही."

"अहो, वर्ष वाया जाईल तुमचं."

"माझं एक जाईल. खोटं बी गेलं तर पेरणाऱ्यांची किती जातील?"

त्यांनी वहीच्या पानभर तिरकी रेघ ओढली आणि लिहिलं, 'परीक्षा रद्द'. अक्षर ठसठशीत.

आता माझी कापणी झाली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच माझे दाणे टपोरे भरलेत आणि मला त्यांची लाज वाटते. बाईंनी त्यातलेच मूठभर पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवलेत. देव बाईंना बळ देवो.

तुम्हाला एकच मागणं. पुढच्या रब्बीत मला सुखाने आजारी पडू द्या. आणि साहेबांना पांढरा सदरा घालून माझ्याजवळ उभं करा. वाऱ्याचं काय ते मी बघते.