द्राक्षानंदांची चकती

शिंदखेड्याजवळ जगदीशच्या मळ्यात त्या रविवारी भरीत पार्टीला पन्नास-साठ माणूस जमलं होतं, आणि नवल असं की भरताकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून काळीठिक्कर झाली, लाकडी बडगीत मिरची-लसूण कुटून झाला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या टम्म फुगल्या. पण सगळ्यांच्या माना वळलेल्या होत्या कडुनिंबाखालच्या चौरंगाकडे, जिथे द्राक्षानंद महाराज बसले होते.

महाराजांची कफनी जांभळी, दाढी तुपानं चोपडलेली. समोर टेबलावर देशोदेशीच्या बाटल्या मांडलेल्या. चिलीची लाल, पोर्तुगालची पांढरी, दक्षिण आफ्रिकेची गुलाबी. सगळ्या दुकानातल्या सर्वांत खालच्या फळीवरच्या, स्वस्तातल्या. शेजारी लाल रुमालावर तांब्याची एक चकती, भाकरीएवढी.

"भक्तहो, ही दारू समजू नका," महाराज म्हणाले. "हा द्राक्षाचा आत्मा आहे. गरिबाच्या बाटलीत तो रडत असतो. माझ्या चकतीवर आला की हसायला लागतो."

मग चमत्कार सुरू झाला. शुभकार्याच्या आधी तोंड गोड करायचं म्हणून प्रत्येकाला एक पेढा. त्यावर चिलीच्या लालचा एक घोट. तोंडं अशी वाकडी झाली की विचारू नका. कुणी म्हणालं चिंच, कुणी म्हणालं कडुलिंबाचा काढा. महाराजांनी बाटली चकतीवर ठेवली, डोळे मिटले आणि "ॐ शिराझाय नमः, ॐ मर्लवे नमः" असा विलायती द्राक्षांच्या नावांचा जप लावला. तेवढ्यात दुसरा प्रसाद फिरला, मीठ चोळलेली लिंबाची फोड आणि चार खारे शेंगदाणे. पुन्हा एक घोट, आणि गर्दीतून नुसते उसासे. तीच वाईन मऊ, गोडसर, घशाखाली लोण्यासारखी उतरत होती. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. हसू कुणाला आवरेना, त्यात थोडा हात द्राक्षाच्या आत्म्याचाही होता.

सगळ्यांत पुढे डोळे पुसत बसले होते सुपडूभाऊ, निवृत्त पोस्टमन. भरीत कुटणाऱ्या सुनंदाबाई त्यांची धाकटी बहीण, आणि तिला या चमत्काराचं हसू येत नव्हतं. भाऊंना साखरेचा आजार. दोन महिन्यांपूर्वी महाराजांनी त्यांना अशीच एक चकती दिली, तिच्यावर ठेवलेलं पाणी प्यायला सांगितलं आणि गोळ्या बंद करायला लावल्या. पंधरा दिवसांपासून उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. ती भरत नव्हती, काळी पडत चालली होती, आणि भाऊ तिच्यावर चकतीचं पाणी ओतत होते.

"भाऊ, दवाखानामा चाल ना," सुनंदाबाई सकाळीही म्हणाल्या होत्या.

"तू येडी शे," भाऊ म्हणाले. "मी मनी जिभवर चाखेल शे. जी चकती वाईननी जात बदलस, ती पानीनं औषध नही करस का?"

सुनंदाबाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. भाऊ खोटं बोलणारा माणूस नव्हे, आणि इतक्या माणसांच्या जिभा एकदम खोट्या कशा पडतील? त्या रागारागानं कोशिंबीर कालवत होत्या, मीठ-लिंबू चाखत होत्या, तोच जगदीश पोर्तुगालच्या पांढरीचा पेला घेऊन आला.

"अक्का, तुम्ही पण चाखा. अजून चकतीवर गेलेली नाही, नंतरचा फरक तुम्हालाच कळेल."

"माले नको रे भो."

"प्रसाद आहे, नाही म्हणू नका. आधी पेढा घ्या."

हात कोशिंबिरीनं बरबटलेले, पेढा घेणार कशानं? जगदीशनं तो ताटलीत ठेवला. सुनंदाबाईंनी दोन्ही मनगटांत पेला धरला आणि जन्मात पहिल्यांदा वाईनचा घोट घेतला. चौफेर लोक थू थू करत होते. त्या मात्र ओठ पुसत म्हणाल्या, "चांगली तं शे."

सगळा मळा हसला. महाराज चौरंगावरून म्हणाले, "माताजींची जीभ मिरच्यांनी मेलेली दिसते."

हे सुनंदाबाईंना झोंबलं. तीस वर्षं त्या जिभेवर त्यांचं पोट होतं. भरतात मीठ चिमूटभर कमी पडलं तर त्यांना झोप लागत नसे. त्या चुलीपाशी बसल्या आणि जीभ टाळ्याला लावून विचार करू लागल्या. आवळा खाल्ला की साधं पाणी गोड लागतं. जिलेबी खाल्ली की साखरेचा चहाही सपक लागतो. पाण्यात कुणी साखर घालत नाही, चहातली कुणी काढत नाही. मग बदलतं ते काय?

तोवर जप होऊन ती बाटली सिद्ध झाली होती. सुनंदाबाईंनी हात धुतले, ताटलीतला पेढा तोंडात टाकला आणि त्यावर सिद्ध वाईनचा घोट घेतला. आंबटढाण. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ इतकं हसू आलं की पदराचा बोळा तोंडात धरावा लागला.

प्रसादाची ताटं त्यांच्याच चुलीपासून जात होती. त्यांनी जगदीशला बोलावलं. "आते गुलाबीनी पाळी शे ना? पहिले लिंबू-शेंगदाणा दे, पेढा मंग दे."

"अक्का, महाराज रागावतील."

"रागावू दे. मनं भरीत थंड व्हई ऱ्हायनं."

लिंबू फिरलं, घोट गेले. महाराजांचे डोळे सवयीनं मिटलेले होते. "पाहिलंत," ते म्हणाले, "किती आंबट, किती दुःखी आत्मा."

"नाही हो महाराज," मागून आवाज आला, "ही तर आधीच हसतेय."

महाराजांनी घाईघाईनं बाटली चकतीवर ठेवली, दुप्पट जप केला. इकडे पेढे फिरले. सिद्ध वाईनचा घोट घेतला आणि सगळ्या तोंडांची पुन्हा चिंच झाली. एकानं अगदी भाबडेपणानं विचारलं, "महाराज, चकती उलटी तर नाही ना ठेवली?"

"कुणीतरी अशुद्ध मनाचं इथे आहे," महाराज कडाडले.

"मी शे," सुनंदाबाई पुढे आल्या. "मनं मन अशुद्ध ऱ्हाऊ द्या, पेढा मात्र तुमनाच शे." आणि त्यांनी ताटांची अदलाबदल सांगून टाकली. गोडावर आंबट वस्तू जास्त आंबट लागते, कडूही लागते. मीठ-लिंबावर तीच मवाळ लागते. चकती नुसती मधे वेळ काढायला. "बाटली बदलत नही, आपली जीभ बदलस."

लोक थक्क झाले, मग एकेक जण खदखदून हसू लागला. हसत नव्हते फक्त सुपडूभाऊ. ते लंगडत पुढे आले.

"माले चाखू दे," ते म्हणाले. "पेढा नको, लिंबू नको."

त्यांनी चूळ भरली, स्वतःच्या रुमालानं डोळे बांधले. जगदीशनं एकाच बाटलीतली वाईन दोन पेल्यांत ओतली, एक पेला चकतीवर ठेवला, एक जमिनीवर. दोन मिनिटांनी भाऊंनी दोन्ही चाखले. पुन्हा चूळ, पुन्हा चाखले. तीनदा. महाराज तेवढ्यात आज ग्रहमान ठीक नसल्याचं सांगत होते, पण त्यांच्याकडे कुणाचे कान नव्हते.

भाऊंनी रुमाल सोडला. चेहरा पांढरा पडला होता.

"दोन्ही एकच शे," ते म्हणाले. मग खाली अंगठ्याकडे पाहिलं आणि लहान आवाजात म्हणाले, "सुनंदा, मंग दोन महिना मी पानीच पिनू ना?"

सुनंदाबाईंना रडू फुटलं. भरीत तसंच टाकून त्या भावाला जगदीशच्या गाडीत घालून धुळ्याला निघाल्या. डॉक्टरांनी साखर मोजली, जखम साफ केली, आणि एकच वाक्य बोलले, की आणखी आठवडा गेला असता तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता. पाय वाचला. अंगठा मात्र गेला.

मळ्यात मागे राहिलेल्यांनी उरलेल्या बाटल्या भरतासोबत, बिबड्यांसोबत म्हणजे ज्वारीच्या पापडांसोबत चाखून संपवल्या म्हणे, आणि मिठाचं बिबडं व पोर्तुगालची पांढरी यांचं चांगलं जमतं असा शोधही लावला. खुशाल लावावा. कशावर काय चांगलं लागतं, हे जिभेला विचारायचं असतं. पण औषध कोणतं घ्यायचं हे जिभेला विचारू नका, आणि जिभेला फसवणाऱ्याला तर नाहीच नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "महाराज, क्रम बदलून पुन्हा करून दाखवा." खऱ्याला त्याचा राग येत नाही. सुपडूभाऊंनी हा प्रश्न दोन महिने आधी विचारला असता, तर आज त्यांच्या दोन्ही पायांची बोटं दहा असती.