अगदी तेच मशीन

मागच्या वर्षीपर्यंत टोकियोच्या ध्वनिमेळ्यात मी पडद्याआड बसून रिकामी खोकी सांभाळायचे. यंदा शाळेच्या वक्तृत्व संघात माझी निवड झाली आणि बाबांनी माइकच हातात दिला. मग मी कसली थांबतेय. सुवा शहरातल्या आमच्या अकरा माणसांच्या कारखान्यात बनणारा डिस्क प्लेयर मी असा काही रंगवून सांगत होते, की आमचे सगळ्यात जुने कारागीर तोकिता काका म्हणाले, "नानाओ, मशीनलाही जरा बोलू दे."

लोक मात्र एकाच ठिकाणी अडायचे. एवढं महाग मशीन, मग या खास डिस्कचा आवाज मागच्या डिजिटल जोडणीतून का निघत नाही? उत्तर मला पाठ होतं. तिथून हुबेहूब नक्कल करता येते, म्हणून या डिस्क वाचायच्या परवान्यात मनाई आहे. आणि परवाना गेला की मशीनला तसली एकही डिस्क वाचायची मुभा नाही, म्हणजे कारखान्याला कुलूप. यावर एक आजोबा म्हणाले, "म्हणजे सिंह पाळलाय, पण दात काढून." सगळी खोली हसली. मला ते लागलं.

दुपारी बाबा आणि काका जेवायला गेले. खोलीत एकच माणूस उरला, करड्या सुटातला, बोलायला फार मऊ. त्याने हळहळत विचारलं, खरंच काहीच मार्ग नाही का?

मार्ग होता. दुरुस्तीला आलेली मशीनं तपासायला सोपं जावं म्हणून काकांनी एक चोरवाट ठेवली होती. बंद करायचं बटण दाबून धरायचं, मग ट्रेचं बटण तीनदा. हे बाहेर बोलायचं नसतं, ते मला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तरी मी सिंहाचे दात दाखवले. मागच्या डिजिटल जोडणीला लावलेल्या यंत्राचा निळा दिवा लागला, म्हणजे डिस्कचा आवाज तिथून निघू लागला.

तो खूश होईल असं वाटलं होतं. त्याने फक्त म्हटलं, पुन्हा एकदा, जरा सावकाश. मग वाकून मशीनच्या पाठीवरचा क्रमांक उतरवून घेतला.

"हे फक्त मेळ्यापुरतं बनवलंय का?"

त्या प्रश्नात मला सुटायला जागा होती, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, हा आम्हाला लबाड समजतोय.

"छे, दुकानात मिळतं तेच आहे हे," मी म्हणाले. "अगदी तेच."

त्याने दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं आणि शाळकरी मुलीसमोर कुणी वाकत नाही इतका खाली वाकला. कार्डावर परवाना देणाऱ्या संस्थेचं नाव होतं.

बाबांनी मला शब्द न शब्द सांगायला लावला. शेवटचे दोन शब्द ऐकून काका खाली बसले. मला कुणी रागावलं नाही. बाबांनी एवढंच विचारलं, जेवलीस का.

दोनच्या कार्यक्रमाला तो परत आला. सोबत आणखी दोघं होते. तिघं पहिल्या रांगेत बसले, संगीत संपेपर्यंत हलले नाहीत. मग तो माझ्याकडे बघून अदबीने म्हणाला, मघाची गंमत यांनाही दाखवाल का?

मी उठले. बाबांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"मशीन माझं आहे," ते म्हणाले. "मीच दाखवतो."

आणि त्यांनी बटण दाबून धरलं.