मिलानच्या चौकातली लूट

विमानतळावरच्या टेबलावर सुगंधाबाईची पिशवी उघडली आणि तिच्यातून टेंभुर्णीच्या बांधावरची दीड किलो बोरं बाहेर आली. निळ्या कोटातला साहेब एकदा बोरांकडं बघे, एकदा सुगंधाबाईकडं.

"माय, ताजं फळ नेऊ देत न्हाईत," गोरक्षनाथ म्हणाला. "घरीच सांगितल्तं मी तुला."

"मंग ठिव म्हणावं त्याला. पण फेकू नको म्हण, खा म्हण. गावरान बोरीची हायेत, आंबट न्हाईत बिलकुल."

गोरक्षनाथानं ते काही त्याला सांगितलं नाही. साहेबानं बोरं ठेवून घेतली. चुरमुरे, तिळाच्या वड्या, रंगीत कागदातल्या गोळ्या, हलव्याच्या दागिन्यांचा डबा आणि घडी घातलेला काळा फ्रॉक, एवढं मात्र पुढं जाऊ दिलं. सुगंधाबाईनं पिशवीचं तोंड बांधलं, नातीचा हात धरला आणि इटली नावाच्या मुलखात पाऊल टाकलं.

ही पिशवी म्हणजे प्रांजलीचं बोरन्हाण होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी लेकराला काळे कपडे घालून, हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि गल्लीतल्या पोरांनी ते लुटायचं. पाच वर्षांच्या आत करायचं असतं. प्रांजलीच्या थोरल्या भावाचं, बबलूचं, सगळ्या गल्लीनं मिळून केलं होतं. प्रांजलीच्या वेळी पहिल्या साली घरात सुतक. दुसऱ्या साली करोना, तिसऱ्या सालीही करोनाच. चौथ्या साली तिची आई रूपाली बियाण्याच्या कंपनीच्या ट्रेनिंगला हैदराबादला, आणि पोर तिच्यासोबत. यंदा काहीही होवो म्हणून सुगंधाबाईनं मार्गशीर्षातच फ्रॉकाला हलवा टाचायला घेतला, तर ऐन संक्रांतीला पोरीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. खपल्या पडेपर्यंत विमानाचा दिवस आला. गोरक्षनाथ जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथं नवी मशीन येणार होती, ती शिकायला त्याला पंधरा दिवस मिलान शहरात धाडलं होतं, आणि त्यानं हौसेनं सगळ्यांना बरोबर घेतलं होतं. मार्चात प्रांजलीला पाच पूर्ण होणार होती.

शेजारची सगुणाबाई निघायच्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली होती, "पोराचं वाजतगाजत केलं, पोरीचं राह्यलं का मंग?" म्हटलं तर चौकशी, म्हटलं तर चिमटा. पण सुगंधाबाईला तो चिमटा लागला नव्हता. लागलं होतं ते प्रांजलीचं बोलणं. पोर दर साली दुसऱ्यांच्या बोरन्हाणात घुसून ओच्यात गोळ्या भरून आणायची, आणि यंदा कांजिण्यांनी निजली असताना, खिडकीतून पलीकडच्या घरचा गलका ऐकत ती म्हणाली होती, "आज्जी, माझी लूट कुनी करंना का?"

सुगंधाबाईनं तिथंच ठरवलं होतं. रथसप्तमीच्या आत, जिथं असू तिथं.

मिलानात कंपनीनं त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या होत्या. गोरक्षनाथ सकाळी कारखान्यात जाई आणि मागं या चौघांचं राज्य. सुगंधाबाईनं दोन दिवसांत ट्राम ओळखीची करून घेतली. पिवळी, लाकडी बाकांची, घंटी वाजवत येणारी. बबलू नऊ वर्षांचा, त्याच्या हातात फोनवरचा नकाशा. "आज्जी, चौथ्या स्टापला उतरायचं." आज्जी म्हणे, "तू मोज, मी बघते." आणि ती बघे. थंडीत आईस्क्रीम खाणारी माणसं. कुत्र्याला स्वेटर घातलेली बाई. तिच्या नऊवारीकडं बघून हात जोडणारा, बहुधा पंजाबी, भाजीवाला. रस्त्यानं चालताना दोन्ही नातवंडं तिच्या दोन हातांना, आणि तिच्या ओठांत आपोआप ओवी येई:

*परमुलूख कसला बाई, पाय माझे न्हाई दमले*
*दोन्ही हाताला दोन दिवे, वाट दावीत चालले.*

बोरांचा प्रश्न चौथ्या दिवशी सुटला. एका चिनी दुकानात बरणीभर लालतपकिरी, सुरकुतलेली फळं दिसली. तिनं एक उचलून नाकाला लावलं, दाताखाली धरलं, आणि आतली बी तळहातावर घेऊन सुनेला, रूपालीला, दाखवली.

"बोर हाय. वाळलेलं हाय, थोराड हाय, पण जात तीच."

"आत्या, न विचारता खाल्लं तुम्ही," रूपाली दुकानदाराकडं बघत म्हणाली.

"घेऊन राह्यलोत ना आपण. घे पावशेर."

बोरं झाली. पण पोरं कुठून आणायची? सुगंधाबाई जिन्यातून चढता-उतरता प्रत्येक दारापुढं कान देई. खाली एक म्हातारा, वर एक म्हातारा, समोर एक तरणी जोडी आणि त्यांचा कुत्रा.

"एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत लेकरू म्हणून एकच," ती फोनवर मालकांना म्हणाली, "तेबी भुंकतं."

वावर सांभाळायला घरी राहिलेला तिचा नवरा मल्हारी टेंभुर्णीच्या वावरात ज्वारीच्या पेंढ्यांवर बसला होता. मागं त्याच्या आठ-दहा मेंढ्या. "पोरं नसली तं काय झालं," तो म्हणाला, "तिथं मेंढरं असती तं सोडली असती. दोन मिन्टात लूट."

"तुम्ही गप बसा. लुटायलाच कुनी न्हाई तं बोरन्हाण कसलं? नुसतं सांडलवंड."

"मंग बबलू हाय की."

बबलूनं पलंगावरून मान न उचलता सांगितलं, "मी मोठा झालो आता. मी न्हाई लुटणार."

रथसप्तमी शुक्रवारी आली. सुगंधाबाईनं पहाटे उठून खिडकीच्या काचेवर बोटानं रथ काढला, सात घोड्यांचा. बाहेरच्या थंडीनं काच ओली होती, चार घोडे होईस्तोवर पहिल्यानं खाली ओघळ धरला. दुपारी रूपाली मुलांना मोठ्या चर्चकडं नेणार होती. सुगंधाबाईनं प्रांजलीला स्वेटरवर काळा फ्रॉक चढवला. गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याची कंकणं, कपाळावर बिंदी.

"आत्या, असं न्यायचं हिला?"

"देवापुढं नेऊन एक मूठ डोक्यावरून टाकते. पोरं न्हाईत तं न्हाईत. देव तं बघंल."

रूपालीनं प्रांजलीच्या बिंदीचा दोरा नीट केला. रूपालीच्याही मनात तो सल होताच. हैदराबादचं साल तिच्या नावावर होतं.

जमिनीखालच्या गाडीतून उतरून जिना चढून सगळी वर आली आणि सुगंधाबाई पायरीवरच थांबली.

समोर पांढऱ्या दगडाचं ते देऊळ. हजार मूर्ती अंगाखांद्यावर घेऊन उभं, आणि पार टोकाला सोन्याची मेरीमाय. पण तिची नजर तिथवर गेलीच नाही. देवळापुढच्या अफाट चौकात पोरंच पोरं होती. कुणी वाघ झालेलं, कुणी राणी, कुणी पंखवाली माशी. आणि एक आज्जी, उंची कोट घातलेली, पांढऱ्या केसांची, आपल्या नातवाच्या डोक्यावर पिशवीतून मुठी भरभरून काहीतरी ओतत होती. लाल, पिवळं, हिरवं. नातू डोळे मिटून हसत होता. चौकभर तेच चाललं होतं.

"रूपाली," सुगंधाबाई हळूच म्हणाली, "हितंबी बोरन्हाण असतंय."

"कागदाचे तुकडे आहेत आत्या ते." रूपालीनं फोनमध्ये बघितलं. "यांचा सण आहे कसला तरी. सोंगं घेतात, कागद उधळतात. मग चाळीस दिवसांचे उपास लागतात म्हणे. बाकीच्या गावांत संपला, या शहरात उद्यापर्यंत आहे."

"म्हंजे यांचंबी आखरीलाच आलंय. तेच म्हंते मी."

आणि तिनं पिशवी काखेत मारली आणि नातीला घेऊन चौकात शिरली.

घोड्यावर बसलेल्या राजाचा पुतळा मध्यात होता. त्याच्या पायरीवर शाल अंथरून तिनं प्रांजलीला बसवलं. कपाळी कुंकू लावलं. रूपाली मागून म्हणत होती, "आत्या, दंड करतात इथं कचरा केला की."

"खाली बघ. घोट्याएवढा कागद पडलाय. आपले चुरमुरे कोण मोजतंय त्यात."

पहिली ओंजळ प्रांजलीच्या डोक्यावरून सुटली. चुरमुरे वाऱ्यानं उडाले, वाळली बोरं टपटप पायरीवर पडली, गोळ्या घरंगळत पोरांच्या पायापर्यंत गेल्या. पोरं थांबली. गोल करून उभी राहिली. काळ्या फ्रॉकवर पांढरी साखरफुलं ल्यालेली ही कुठली राणी, म्हणून त्यांच्या आयाही बघू लागल्या. पण एकही हात खाली गेला नाही. एका वाघानं गोळीकडं बोट दाखवलं, तर त्याच्या आईनं त्याचा हात मागं ओढला.

दुसरी ओंजळ पडली. पोरं बघत राहिली.

प्रांजलीनं मान वर केली. तिच्या भुवयांवर चुरमुरे अडकले होते. "आज्जी, ते घेईनात," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

जगात कुठंही पोरं म्हणजे पोरं, असं सुगंधाबाई धरून चालली होती. परक्याचं पडलेलं उचलायचं नाही असं शिकवलेल्या लेकरांना, हे तुमच्यासाठीच पाडलंय, हे कोणत्या भाषेत सांगायचं? तिनं पदर कमरेला खोचला, ओचा धरला आणि स्वतःच खाली बसून गोळ्या वेचायला लागली. साठी उलटलेली बाई, चौकाच्या मधोमध. एक गोळी उचलावी, पोरांना दाखवावी, ओच्यात टाकावी. "अशी. घ्या रे लेकरांनो, घ्या."

पोरं हसली. घेतलं कुणीच नाही.

बबलू जरा लांब, पुतळ्याला टेकून उभा होता, आपण यांच्यातले नाही असं तोंड करून. त्यानं आज्जीला वाकलेलं बघितलं. बहिणीचा खालचा ओठ बाहेर आलेला बघितला. फोन आईच्या हातात कोंबला.

"लुटा रे!" तो ओरडला आणि शर्यतीत झेपावावं तसा पोटावर पडून गोळ्यांवर तुटून पडला. "जल्दी या, न्हाई तं सगळं माझं!"

शब्द कुणाला कळला नाही, पण पोटावर पडलेला पोरगा कळला. वाघ आईचा हात सोडवून आला. मागून माशी, दोन राण्या, एक समुद्रातला चोर. मग मोजणं राहिलं नाही. सुगंधाबाई ओतत होती, पोरं गुडघ्यांवर, पोरांवर पोरं, तिळाच्या वड्या खिशात, बोरं टोपीत. कुठून तरी कबुतरं उतरली आणि चुरमुऱ्यांवर त्यांनी आपला हक्क सांगितला. मघाची उंची कोटवाली आज्जी पुढं आली. तिनं सुगंधाबाईकडं बघून मान किंचित वाकवली, विचारल्यासारखी. सुगंधाबाईनं मान हलवली. तशी तिनं आपल्या पिशवीतले सगळे रंगीत कागद प्रांजलीच्या डोक्यावर रिते केले.

प्रांजली इतकी हसली की तिला ठसका लागला.

*दूरदेशीच्या चौकात, लूट नातीची गं झाली*
*ज्यांची भाषा न्हाई ठावी, त्यांची लेकरं न्हाली.*

ओवी या खेपेला ओठांत राहिली नाही, गळ्यातून मोकळी सुटली. सुगंधाबाईनं कोटवाल्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं, बाईमाणूस दारी आलं की लावायचं तसं. ते बघून वाघाची आई कपाळ पुढं करून उभी राहिली. तिच्यामागं आणखी दोघी. सणाच्या सोंगासाठी तोंड रंगवून देणारी कुणी बाई आहे असं त्यांना वाटलं असावं. एकीनं तर गालावर फूल काढ अशी खूण केली. सुगंधाबाईनं गालावरही एक टिकली लावली. नाही कशाला म्हणायचं.

"आत्या, रांग लागली तुमच्यापुढं," रूपाली हसत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कागदाचा तुकडा गेल्याचं दाखवत ती डोळा चोळत होती.

पिशवी तळाला गेली. पोरं पांगली. प्रांजली शालीवरून उठली, अंग झाडलं, तरी केसांतून रंग गळत राहिले.

"आज्जी, उद्या पुन्हा करू?"

"न्हाई बाई. झालं तुझं बोरन्हाण, बराबर झालं. एका लेकराचं किती येळा करावं?"

प्रांजली विचारात पडली. जवळच एका बाबागाडीत गुंडाळलेलं लेकरू होतं, दोन डोळे आणि टोपी एवढंच दिसणारं. त्याची आई नुकतंच कुंकू लावून घेऊन उभी होती.

"याचं झालं का?"

"कुनाला ठावं."

प्रांजलीनं पिशवी उपडी केली. चार चुरमुरे, दोन बोरं आणि हलव्याचे दाणे तिच्या ओंजळीत आले. बोरं तिनं वेगळी काढली, बाळाला लागतील म्हणून. मग ती बाबागाडीजवळ गेली, टाचा उंच केल्या आणि त्या आईकडं बघत थांबली. आईनं हसून टोपी मागं सरकवली.