झोपणाऱ्यांचा तरुण संघ

दर रविवारी सकाळी दहाच्या तरुण संघासाठी मी नरोलीच्या हॉलमध्ये बारा चटया अंथरायचे. यायचे तिघे, आणि तेही एकाच चटईवर मावायचे.

आमची ख्रिस्ती मंडळी सिल्वासाची. टोकरखाड्यात राहणारे आम्ही शिक्षक, कारकून. पण तरुण सगळे नदीपलीकडे, नरोलीच्या कारखान्यांत. नवापूर, नंदुरबारकडून आलेली मुलं-मुली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. त्यांच्यासाठीच मंडळीने हा हॉल घेतला होता. आम्ही काय काय केलं नाही? कीबोर्ड आणला, पाठांतराला बक्षिसं ठेवली, मुंबईहून वक्ते बोलावले. एकदा बिर्याणी केली. बिर्याणीला बावीस आले, पुढच्या रविवारी पुन्हा तिघे.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्या आठवड्यात सुधाकरभाऊ, आमच्या मंडळीचे वडील म्हणजे प्रमुख, उभे राहिले. भाऊंच्या आवाजाला माईक लागत नाही. "ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, तरुण संघाचे वीस जण उपासनेत उभे राहिले, तर संघ चालू. नाहीतर हॉल पुठ्ठ्याच्या गोदामाला जाईल. रजनीताई, ऐकताय ना? जरा मोठ्याने हो म्हणा!"

मी हो म्हटलं. नेहमीसारखंच, पहिल्या रांगेलाही ऐकू न जाणारं.

संघ माझ्याकडे होता. सहा वर्षांचा नेम होता माझा. स्वयंपाकाचे तांदूळ काढताना पहिली मूठ प्रभूची, ती वेगळ्या डब्यात. आणि दुपारी बाराला गुडघ्यावर बसून एकेका मुलाचं नाव घेऊन प्रार्थना, "प्रभू, याला जागं कर." चौसष्ट नावं होती. संघ बंद झाला तर ही नावं कुणाच्या हाती सोपवू, मला कळेना.

पहिलं नाव गोकुळचं. जानेवारीत तो उपदेश चालू असताना घोरला. भाऊंनी त्याला सगळ्यांदेखत उठवलं, "बाहेर जा, तोंड धुऊन ये!" तो गेला तो परत आलाच नाही. त्याच्या खोलीतले बाकीचेही यायचे थांबले.

एका मंगळवारी अकरा वाजता मी त्याची खोली शोधत गेले. वर पत्रा तापलेला, सहा जणांत तीन बिछाने. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्यावर आडवे होणार. शेजारी पाण्याची मोटर घरघरत होती, समोर वेल्डिंगचं दुकान. गोकुळ उंबऱ्यावर बसला होता, डोक्यावर ओला गमछा, डोळे लाल. त्याची बहीण गुड्डी पॅकिंगला जाते, तिची त्या दिवशी सुट्टी. ती आत भाकरी थापत होती.

"रविवारी येत जा रे," मी म्हटलं.

त्याने गमछा डोळ्यांवर ओढला. गुड्डीच फटकन बोलली, "मासी, बारा तास उभा राहून आठला सुटतो तो. तुमी लोक येता नि म्हणता, जागा हो, जागा हो. याला झोप म्हणून कोण सांगत नाय!"

त्या दुपारी मी गुडघ्यावर बसले, पण "जागं कर" हे शब्द तोंडातून निघेनात. मला बायबलमधला तो थकलेला संदेष्टा आठवला, जो रानात झुडपाखाली मरण मागून झोपी गेला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. खायला दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. आणि मी सहा वर्षं थकलेल्या लेकरांना हलवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी नऊला मी हॉल उघडला. खिडक्यांना जुन्या चादरी बांधल्या, चारही पंखे लावले, चटया अंथरल्या. माझा निरोप मिळताच गुड्डीने धाडलेला गोकुळ आणि त्याचा मशीनवरचा जोडीदार वाळू दारातच घुटमळले.

"मासी, प्रार्थना किती वेळ?" वाळूने विचारलं.

"प्रार्थना मी करते. तुम्ही झोपा."

"मग भाषण?"

"नाही. उठल्यावर खिचडी."

"नावं लिहून घेणार?"

"तुमची नावं मला येतात."

वाळू गोकुळच्या कानाला लागला, "कायतरी लफडा आहे." आणि दोन मिनिटांत झोपला.

नियम तीनच. चपला बाहेर, मोबाइल टोपलीत, बोलणं नाही. माझ्या हळू आवाजाची आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला गरज पडली. महिन्याभरात दोनाचे सोळा झाले, सोळाचे पस्तीस. टोकरखाड्यातल्या बायकाही खिचडीसाठी मूठ काढू लागल्या. मंडळीतला कोण, बाहेरचा कोण, हे झोपलेल्या माणसाकडे बघून कळत नाही. मी विचारलंही नाही.

एकदा गोकुळ लवकर उठला. "मासी, कोपऱ्यात बसून ओठ हलवता, ते काय?"

"नावं घेते."

"कोणाची?"

"पहिलं तुझं."

त्याने खिचडीची ताटली बाजूला ठेवली. मग त्याने गावाकडचं, त्यांच्या मावची बोलीतलं भजन गुणगुणायला घेतलं. एकेक जण उठून त्याच्याभोवती बसला. त्या दिवसापासून खिचडीनंतर अर्धा तास भजन आणि प्रार्थना सुरू झाली. मी सांगितलं नव्हतं.

तरी भाऊंची अट होतीच. पुनरुत्थानाची उपासना व्हायची पहाटे पाचला. तेव्हा हे सगळे मशीनवर. वीस जण उभे करायचे कुठून?

ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या मंगळवारी सुधाकरभाऊ न सांगता आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. "रजनीताई!" ते दारातूनच गरजले, "प्रभूच्या घराची धर्मशाळा केलीत?"

डोळे न उघडता वाळू म्हणाला, "अरे कोण बोंबलतंय? इथे संघ चालू आहे!"

पलीकडे गुड्डी कांदे चिरत होती. तिने पदर तोंडात कोंबला.

भाऊंनी खाली पाहिलं. पस्तीस पोरं, केसांत सुताचे तंतू अडकलेले. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसले. उपवासकाळात ते रोज पहाटे तीनला उठतात. वर पंखा फिरत होता. पाच मिनिटांत त्यांची मान कलली, आणि भाऊ घोरू लागले. आवाज असा की दोघंतिघं दचकून उठले.

गोकुळ उठून त्यांच्यापाशी गेला. मी अर्धवट उठले. त्याने नुसती त्यांच्या मानेखाली आपली उशी सरकवली.

दीड तासाने भाऊ जागे झाले तेव्हा तो पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा होता. "भाऊ, तोंड धुऊन घ्या. खिचडी गरम आहे."

भाऊंनी तांब्या घेतला. त्यांना जानेवारी आठवला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तोंड धुताना त्यांनी जरा जास्तच वेळ लावला. मग कधी नव्हे त्या हळू आवाजात विचारलं, "पाळी किती वाजता सुटते रे?"

"आठला."

"तीस वर्षं उपासना पहाटेच होतेय," ते पुटपुटले. खिचडी संपल्यावर म्हणाले, "या वर्षी साडेआठ. आणि इथेच, या हॉलमध्ये."

रविवारी साडेआठला सगळी मंडळी नव्या कपड्यांत हजर होती. तरुण एकही नाही. आठ पस्तीस झाले. कुणीतरी घड्याळ पाहून खाकरलं. मी डोळे मिटून पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं.

आणि रस्त्यावर भजन ऐकू आलं. गोकुळचं, मावचीतलं. कारखान्याच्या गेटवरून थेट आलेली पोरं, गणवेश घामाने भिजलेले, पुढे ढोलकी घेतलेला वाळू. मागे मुलींना घेऊन गुड्डी. तिने आणि दिवसपाळीच्या सगळ्यांनी त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती.

"बसा, बसा," मी जागा करू लागले.

"नको मासी," वाळू म्हणाला, "बसलो की झोपणार. आज उभंच राहतो."

उपासना संपेपर्यंत ते सगळे उभे राहिले. भाऊंनी बोटाने मोजायला सुरुवात केली होती. विसाच्या पुढे गेल्यावर त्यांनी हात खाली घेतला. मी मोजलं ते नावांनी. माझी चौसष्टच्या चौसष्ट होती, आणि मला न येणारी अजून नऊ.

भाऊंनी छाती भरून श्वास घेतला. "प्रभू उठला आहे!" खिडक्यांची तावदानं थरथरली.

"खरोखर उठला आहे!" पोरांनी उत्तर दिलं. त्यांच्यापुढे भाऊंचा आवाजही बारीक वाटला. आणि त्यात माझा आवाज मला स्वतःला स्वच्छ ऐकू आला.

आशीर्वाद झाल्यावर भाऊ बाकीच्यांकडे वळले, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "आता चपला घाला आणि हळूच बाहेर पडा. पोरांना चटया अंथरू द्या."

मी ती नऊ नावं विचारून घेतली आणि तांदूळ धुवायला गेले.